कवयित्री, कवियित्री की कवियत्री? (आणि त्याच फळ्यावरचे बाकीचे शब्द)

मॅडम, फळ्याचा फोटो बघितला. १३ फेब्रुवारीच्या सरोजिनी नायडू जयंतीसाठी तुम्ही लिहिलंय, "थोर हिंदी कवियित्री, भारत कोकीळा, काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्षा, उत्तर प्रदेशच्या राज्यपाल". त्यावर केंद्रप्रमुख म्हणाले कवियित्री चूक आहे, शेजारच्या वर्गावरचे गुरुजी म्हणाले कवियत्री बरोबर, आणि तुम्ही विचारायल्यात की नेमकं खरं कोण. अक्षर मात्र झकास आहे हां, परभणी जिल्ह्याचं नाव राखलंत.

तर केंद्रप्रमुखांचं बरोबर आहे, गुरुजींचं नाही. शब्द आहे कवयित्री. क, व, यि, त्री. व ला वेलांटी नाही, य ला आहे. घोळ होतो कारण आपल्या डोक्यात आधी 'कवी' बसलेला असतो आणि आपण त्याला पुढं 'यित्री' चिकटवतो, पण हा शब्द कवीला शेपूट लावून झालेलाच नाही. संस्कृतात 'कवयितृ' असा वेगळा शब्द आहे, म्हणजे कविता रचणारा, आणि त्याचं स्त्रीलिंग कवयित्री. जसं रचयिता-रचयित्री, अभिनेता-अभिनेत्री, दाता-दात्री. पोरांना लक्षात ठेवायला रचयित्री सांगा, तिथं कुणी 'रचियित्री' म्हणत नाही, मग कवयित्रीतपण व मोकळा राहतो. (आणि एकटा लिहिताना 'कवी' दीर्घ, पण कविता, कवित्व, कविसंमेलन ह्यात ऱ्हस्व, हे पण त्याच तासाला उरकून घ्या.)

काहीजण म्हणतात बाईलापण कवीच म्हणा, वेगळा शब्द कशाला. म्हणा की, चूक काही नाही, आजकाल कितीतरी जणी स्वतःला कवीच म्हणवून घेतात. मला विचाराल तर कवयित्री हा भरदार शब्द आहे, तो सोडू नये. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईला कुणी तिच्या काळात कवयित्री म्हटलं नसणार, ती आपली अभंगाच्या शेवटी नामयाची जनी एवढंच सांगायची, पण आज आपण संतकवयित्री जनाबाई म्हणतो तेव्हा ते शोभतंच ना. आणि मराठवाड्यात तर अजून एक गंमत आहे, इथं मुशायरे होतात त्यामुळं शायरचं शायरा आपल्या कानाला सवयीचं आहे, पण त्याच अरबी शब्दाचा मराठीत शाहीर झाला आणि त्याला मात्र स्त्रीलिंगच मिळालं नाही, डफ घेऊन बाई उभी राहिली की आपण 'महिला शाहीर' म्हणून वेळ मारून नेतो.

आता 'हिंदी'. हे शुद्धलेखनाचं नाही, माहितीचं आहे, आणि हे फळ्यावरून आधी पुसा. सरोजिनीबाईंनी कविता लिहिल्या त्या इंग्रजीत. १९०५ चा पहिला संग्रह, १९१२ चा दुसरा, १९१७ चा तिसरा, तिन्ही इंग्रजी. मग 'इंग्रजी कवयित्री' लिहायचं का, तर चालेल, मराठी कवयित्री म्हणजे मराठीत लिहिणारी तसंच ते. फक्त 'इंग्रज कवयित्री' झालं की बाई थेट लंडनची होते! त्यापेक्षा 'इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवयित्री' हे सरळ. खरं म्हणजे त्या आपल्याच जुन्या राज्याच्या राजधानीतल्या. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळात, १८७९ ला हैदराबादेत जन्म, माहेरचं आडनाव चट्टोपाध्याय, घर बंगाली, वडील अघोरनाथ हे तिथल्या कॉलेजचे संस्थापक, त्याचंच पुढं निजाम कॉलेज झालं. बाराव्या वर्षी मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक, मग निजामाच्याच स्कॉलरशिपवर इंग्लंड, आणि परत येऊन १८९८ ला डॉ. गोविंदराजुलू नायडूंशी आंतरजातीय लग्न. म्हणजे नायडू हे सासरचं आडनाव, त्यावरून पोरं भाषणात त्यांना जन्मानं तेलुगू करून टाकतात ते नको. हैदराबादच्या बाजारावर त्यांची एक कविता आहे, त्यात किरमिजी न् चंदेरी पगड्या, केशर, डाळ न् तांदूळ तोलणारे दुकानदार, चंदन न् मेंदी वाटणाऱ्या पोरी असं सगळं येतं. आपल्याकडच्या ज्या आज्या लाडबाजारातून बांगड्या भरून आल्यात त्यांना हे इंग्रजीतून वाचून दाखवलं तरी कळेल.

'भारत कोकीळा' मध्ये दोन दुरुस्त्या. एक तर हा समास आहे, जोडून लिहा. दुसरं, कोकीळ लिहिताना की दीर्घ, पण शेवटी आ आला की ऱ्हस्व, कोकिळा. म्हणून भारतकोकिळा. आता कुणीतरी पक्षीमित्र येऊन सांगणारच की गातो तो नर, काळाकुट्ट, आणि मादी ठिपक्याठिपक्यांची, ती नुसतं किक् किक् करते. खरंय ते. पण गाणाऱ्या बाईला कोकिळा म्हणायची आपली चाल कवितेतली आहे, पक्ष्यांच्या पुस्तकातली नाही, आणि इंग्रजीतल्या नाइटिंगेलचीपण तीच कथा आहे, तिथंपण गातो नरच. गांधीजी त्यांना पत्रात बुलबुल म्हणायचे. उपाधी एकदा रुळली की तिची लिंगतपासणी करत बसू नये असं माझं मत.

'पहिल्या महिला अध्यक्षा' मध्ये बाई दोनदा आली. महिला अध्यक्ष म्हणा नाहीतर नुसतं अध्यक्षा म्हणा. आणि पहिल्या नाहीत त्या, १९१७ ला ॲनी बेझंट होऊन गेल्या, सरोजिनीबाई १९२५ ला कानपूरच्या अधिवेशनात झाल्या, म्हणून 'पहिल्या भारतीय महिला अध्यक्ष' लिहा, तो 'भारतीय' गाळला की वाक्य खोटं होतं. जागा उरली तर धारासना टाका ना, मे १९३० मधलं, गांधीजींना अटक, मग अब्बास तय्यबजींना अटक, आणि मिठागरावरच्या सत्याग्रहाचं नेतृत्व ह्यांच्याकडं. लाठी पडली तरी अडवायला हातसुद्धा वर करायचा नाही असं त्यांनी स्वयंसेवकांना बजावलं होतं आणि पोरांनी ते पाळलं. भाषणात पोरं कोकिळा कोकिळा करतात न् हे राहूनच जातं.

राज्यपाल तुम्ही बरोबर लिहिलंय, राज्यपाला वगैरे करू नका. राष्ट्रपती, महापौर, सरपंच, असल्या पदांना मराठीत वेगळं स्त्रीलिंग लागत नाही, क्रियापद सांगतं की 'झाल्या'. आपल्याकडं सरपंचीण म्हणतात, पण त्यात घोळ असा की पाटलीण म्हणजे जशी पाटलाची बायको तशी सरपंचीण म्हणजे सरपंचाची बायको की स्वतः सरपंच हे गावातल्यालाच कळतं. तेवढं 'उत्तर प्रदेश' बघा. ऑगस्ट १९४७ ला त्या राज्यपाल झाल्या तेव्हा त्याचं नाव संयुक्त प्रांत होतं, उत्तर प्रदेश हे नाव १९५० ला आलं, त्याच्या आधीच, २ मार्च १९४९ ला, त्या पदावर असतानाच लखनौला वारल्या. तेव्हा 'संयुक्त प्रांताच्या (आताचा उत्तर प्रदेश) राज्यपाल' असं लिहिलंत की केंद्रप्रमुखांनापण काही काढायला जागा राहणार नाही.