आवडतं बिस्किट? बटर. पण लोणी नव्हे.

तुम्ही विचारलंय की तुमचं सगळ्यात आवडतं बिस्किट किंवा कुकी कोणती, तुमच्या भागात त्याला काय म्हणतात, आणि बिस्किट आणि कुकी यात नेमका फरक काय. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देते, बटर. आता हे वाचून सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडची माणसं लगेच मान डोलावतील, पण बाकीच्यांना वाटेल मी लोण्याबद्दल बोलतेय किंवा त्या निळ्या डब्यातल्या बटर कुकीजबद्दल. तसं नाहीये. बटर म्हणजे लिंबाएवढा किंवा जरा मोठा, वरून तपकिरी, चकचकीत, हाताला दगडासारखा टणक लागणारा गोळा, आतून मात्र पावासारखी जाळी पडलेला. जिरं घातलेलं असेल तर जिरा बटर.

मी सांगलीची. आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाला सायकलवाला यायचा, मागच्या कॅरियरला पत्र्याची मोठी पेटी बांधलेली आणि आरोळी ठरलेली, "खारीऽऽ, बटर, टोऽऽस!" आजी टोस्टला शेवटपर्यंत टोसच म्हणायची आणि बिस्किटाला बिस्कुट. ती बटर घेताना एक उचलून पेटीच्या कडेवर आपटायची, टक्क असा आवाज आला तर घ्यायचं, दबका आला तर परत ठेवायचं, कारण मग ते सादळलेलं असतं. सायकलवाला कधी रागावला नाही, उलट आजी आली की स्वतःच दुसरी पिशवी उघडायचा.

आणि खायची पद्धत सांगितली नाही तर उत्तर अर्धं राहील. कोरडं बटर चावायला जाऊ नका, दाताचं काम नाही ते. कपातला गरम चहा बशीत नाही, वाटीत ओता, दोन बटरं सोडा. आधी ती तरंगतात, मग बारीक बारीक बुडबुडे निघायला लागतात, तेवढ्यात उलटी करायची, आणि साधारण एक मिनिटाने चमच्याने दाबून बघायचं, बाहेरचं साल मऊ पण अजून आकार धरून आणि आतली जाळी चहाने गच्च भरलेली, तो क्षण. पार्ले-जी तोवर कधीच तळाला गेलेलं असतं, खारीचे पापुद्रे वर तरंगत असतात, बटर मात्र टिकतं. म्हणून ते मला सगळ्यात आवडतं, घाई करत नाही आणि करू देत नाही.

(पार्ले-जीवर माझं प्रेम नाही असं समजू नका. मामा विलेपार्ल्याला राहायचे, लोकल स्टेशनात शिरली की भाजलेल्या ग्लुकोज बिस्किटांचा वास डब्यात यायचा. कंपनीची ती पहिली फॅक्टरी, 1929 ची, 2016 मध्ये बंद झाली तेव्हा मामांनी फोन करून सांगितलं होतं.)

आता नावांचं. मी लग्नानंतर आधी हैदराबाद आणि मग बेंगळुरूला राहिले, आणि तिथे कळलं की बेकरीतल्या वस्तूंची नावं गावागावाला कशी फिरतात. बेंगळुरूला पहिल्याच आठवड्यात अय्यंगार बेकरीत जाऊन मी खारी मागितली, त्यांनी दिलं खारा बिस्किट. म्हणजे जाडसर खुसखुशीत बिस्किट, आत हिरवी मिरची आणि कोथिंबीर, पापुद्र्याचा पत्ता नाही. मला वाटलं होतं दोन्ही एकच, पण आपली खारी म्हणजे खारट पदार्थ, त्यांचा खारा म्हणजे तिखट, कन्नडमध्ये खार म्हणजे तिखटच. सासूबाई म्हणाल्या अगं दोन्ही शब्द सारखे दिसतात म्हणून वस्तू एक कशी असेल. तेव्हापासून ते बिस्किटही माझ्या यादीत वर आहे, विशेषतः पावसात. त्याच बेकरीत बेण्णे बिस्किट मिळतं, बेण्णे म्हणजे लोणी, म्हणजे शब्दशः बटर बिस्किट, आणि ते गोड, तोंडात विरघळणारं, आपल्या बटरच्या अगदी उलट! हैदराबादला इराणी चहाबरोबर उस्मानिया बिस्किट, शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाचं, किंचित गोड किंचित खारट, ते तिथेच टेबलावर बसून खाण्यात मजा आहे.

टोस्टचं तर विचारूच नका. आपण टोस्ट म्हणतो, दिल्लीत तो रस्क होतो, पंजाबी शेजारीण पापे म्हणायची. आणि आपली खारी दिल्लीकडे फेन. कोलकात्यात टपरीवर काचेच्या बरणीत लेडो बिस्किट असतं, तेही चहात बुडवायचंच, टोस्टच्या घराण्यातलं. गोव्यात गेलात तर सकाळी पोंय पोंय भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, त्याच्याकडून काकणां घ्या. काकणां म्हणजे बांगड्या, आपलं कंकण, गोल कड्याच्या आकाराची कडक भाकरीसारखी वस्तू, लहान मुलं खरंच मनगटात घालून मग खातात. नाताळात तिथे बोलिन्हा नावाची बिस्किटं करतात, रवा आणि ओल्या खोबऱ्याची, ती आपल्या नानकटाईच्या शेजारी ठेवली तर कुणाला जास्त मार्क द्यावेत मला ठरवता येत नाही.

बिस्किट आणि कुकीचा फरक मी माझ्यापुरता असा लावलाय. बिस्किट हा शब्द मुळात लॅटिनमधल्या दोनदा भाजलेलं या अर्थाच्या शब्दांवरून आला. जर्मनमध्ये टोस्टला त्स्वीबाक म्हणतात, त्याचाही अर्थ तोच. कुकी डच लोकांची, कुक म्हणजे केक आणि कुक्ये म्हणजे छोटा केक, डच वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत गेली आणि तिथे रुजली. म्हणून इंग्लंडमध्ये जे बिस्किट ते अमेरिकेत कुकी, आणि अमेरिकेत बिस्किट मागितलं तर मऊ, फुगलेला, पावाचा भाऊ शोभेल असा गरम पदार्थ येतो, ग्रेव्हीबरोबर. माझी मावसबहीण टेक्सासला गेली तेव्हा तिने नाश्त्याला चहा-बिस्किट समजून तेच मागवलं होतं. आता मूळ अर्थ धरला तर बघा, पार्ले-जी एकदाच भाजतात, नानकटाई एकदाच, पुण्यातल्या कॅम्पातली श्रुजबेरी बिस्किटं एकदाच. दोनदा भट्टीत जातात ती आपली टोस्ट आणि बटर. आधी गोळे पावासारखे भाजून घेतात, मग भट्टी निवत आली की उरलेल्या मंद धगीत पुन्हा सारतात आणि तासन्‌तास वाळू देतात, पाणी उडून जातं म्हणून ती टिकतात. म्हणजे शब्दाच्या हिशोबाने खरं बिस्किट हेच आणि आपण त्यालाच सोडून बाकी सगळ्यांना बिस्किट म्हणतो. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, अजून होतो.

आणि एक प्रकार असा की ज्याला नावच नव्हतं. मे महिन्यात किंवा दिवाळीआधी आई मैदा, तूप, पिठीसाखर आणि वेलची डब्यांत भरून बेकरीत घेऊन जायची, मी पाय भाजत मागे. तिथे पीठ मळून द्यायचे, मग लोखंडी यंत्राचा दांडा फिरवला की पुढून रेघारेघांची लांब पट्टी यायची, ती कापायची, पत्र्यात मांडायची, पत्रा भट्टीत. दोन-तीन तास लाकडी बाकावर बसून राहायचो कारण दुसऱ्याचा पत्रा आपल्या डब्यात जायला नको. घरी येईपर्यंत डबा इतका गरम असायचा की पदरात धरावा लागे. त्याला आम्ही फक्त घरची बिस्किटं म्हणायचो. सांगलीकडच्या खेड्यांत अजूनही काही बेकऱ्या असं करून देतात, जमलं तर मुलांना एकदा नेऊन आणा.

बटरला जवळचा नातेवाईक मला शेवटी कुठे सापडला तर सुरतेत. बेंगळुरूला ऑफिसातली एक पारशी मैत्रीण माहेरून परतताना बटासा घेऊन आली. मला वाटलं बत्तासे, देवळात प्रसादाला देतात ते साखरेचे, हात पुढे केला तर हातात आलं टणक गोल बिस्किट, जिरं घातलेलं. मी टेबलावर आपटून पाहिलं, टक्क. सुरतेत गोष्ट सांगतात की डच लोक गेल्यावर त्यांची बेकरी फरामजी दोतीवाला या पारशी माणसाने चालवली, पाव ताडीत आंबवलेला म्हणून स्थानिक लोक घेईनात, उरलेला वाळून कडक झाला आणि तो मात्र लोकांना आवडायला लागला, मग मुद्दाम वाळवून विकायला लागले. नानकटाईची गोष्टही तिथलीच सांगतात. मैत्रीण म्हणाली आम्ही चहात फुदिना आणि गवती चहा घालतो आणि मग हे बुडवतो. त्या दिवसापासून मीही बटरासाठी गवती चहा घालते, जिरा बटरला तो फार छान लागतो.

तुमच्या गावात बटर या नावाने मिळत नसेल तर नाव सांगू नका, पाव वाळवून केलेलं कडक गोल चहात बुडवायचं असं सांगा, जिथे मिळत असेल तिथे दुकानदाराला लगेच कळतं. आणि आणलेलं सादळलं तर फेकू नका, जाड तव्यावर अगदी मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, मधे एकदा फिरवा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम असताना झाकण लावलंत तर पुन्हा मऊ पडतं.