सेस कुठून आला?

नागपूरच्या एका वाचकांनी विचारलंय: 'सेस' हा आपल्या 'शेष'वरून आला का? आणि सेस म्हणजे करावरचा कर, हे बरोबर का?

'शेष'शी त्याचा काडीचा संबंध नाही. इंग्रजीत 'असेस' म्हणजे आकारणी करणे. बोलता बोलता पुढचा 'अ' गळला आणि 'सेस' उरला. खरं स्पेलिंग 'एस'चं. आजचा 'सी' चुकून घुसला आणि तिथेच राहिला. आयर्लंडमध्ये स्थानिक कराला सेस म्हणत. 'सेसपूल'शी (सांडपाण्याच्या खड्ड्याशी) मात्र नातं जोडू नका, कितीही मोह झाला तरी.

'असेस'च्या मुळाशी लॅटिन 'असिदेरे' आहे, म्हणजे शेजारी बसणे. न्यायाधीशाजवळ बसून मदत करणारा, त्यावरून पुढे कराचा आकडा ठरवणारा. यातला बसण्याचा धातू आणि संस्कृत 'सद्' एकाच कुळातले. 'परिषद'ही 'सद्'चीच. तेव्हा 'जिल्हा परिषदेचा सेस फंड' म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो! 'कर बसतो' यातलं 'बसणे' मात्र 'उपविश्'चं, ते या घरातलं नव्हे.

'करावरचा कर' ही व्याख्या प्राप्तिकराला लागू पडते, सगळीकडे नाही. प्राप्तिकरात आरोग्य व शिक्षण उपकर, म्हणजे सेस, 4 टक्के. तो उत्पन्नावर नव्हे, करावर. आधी कर, त्यातून रिबेट (करातली सूट) वजा, मग अधिभार (सरचार्ज) असल्यास तो, आणि सगळ्यात शेवटी उपकर. कर 1,00,000 आणि अधिभार 10 टक्के असेल तर उपकर 1,10,000 वर लागतो: 4,400 रुपये. पुष्कळजण दोन्ही मूळ करावरच काढतात आणि 400 रुपयांनी चुकतात. रिबेटने कर शून्य झाला की उपकरही शून्य.

घरटॅक्सच्या बिलातला 'शिक्षण कर' बघा. 1962 च्या राज्य कायद्यात तो सेसच आहे, पण लागतो मालमत्तेच्या वार्षिक मूल्यावर. नागपूरच्या कळमना बाजारातले व्यापारी ज्याला सेस म्हणतात ती कायद्यात 'बाजार फी', मालाच्या किमतीवर लागणारी. तेव्हा सेसची खूण म्हणजे ठरावीक कामासाठी घेतलेला पैसा. केंद्राच्या सेसमधून राज्यांना वाटा द्यावा लागत नाही (राज्यघटनेचं कलम 270). केंद्राला तो एवढा प्रिय का, ते इथे कळतं.

मराठीत लिहिताना 'उपकर' लिहा. 'अधिभार' नको, तो सरचार्जसाठी राखलेला शब्द आहे.