बाईंना विचारा : थॅनोसचं गणित आणि बहात्तर साल

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. महिन्यापूर्वी मित्रांबरोबर नदीवर गेला होता. तिथे काठाला मेलेल्या माशांचा खच पडलेला बघून आला आणि दोन दिवस गप्प होता. तेव्हापासून एकच पालुपद सुरू आहे, ‘माणूस हा पृथ्वीला झालेला रोग आहे.’ टेबलासमोरच्या भिंतीवर कागदावर लिहून चिकटवलंय. वर म्हणतो, ‘अव्हेंजर्स’ सिनेमातल्या त्या खलनायकाचं, थॅनोसचं, बरोबरच होतं, निम्मी माणसं गेली पाहिजेत. मी म्हटलं, त्या निम्म्यात मी असले तर? तर म्हणतो, ‘आई, ते रँडम असतं.’ जेवतो-खातो नीट, फुटबॉल खेळतो, गच्चीत पक्ष्यांना पाणीही ठेवतो. पण मला भीती वाटते. त्याला डॉक्टरांकडे न्यावं का?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, जो मुलगा पक्ष्यांना पाणी ठेवतो आणि फुटबॉल खेळतो, त्याला त्या कागदासाठी डॉक्टरांकडे न्यायची गरज मला दिसत नाही. जेवण तुटलं, झोप उडाली, मित्र सुटले किंवा ‘निम्म्यात मीच जावं’ असं बोलायला लागला, तर मात्र एक दिवसही थांबू नका. तूर्त त्याचा पेपर तपासू. एकतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राचे पेपर तपासले आहेत, हात शिवशिवतो.

पहिला मार्क इथेच कापते. त्यानं दोन वेगळे खलनायक एकाच उत्तरात कालवलेत. थॅनोस माणसाला रोग म्हणत नाही. त्याची तक्रार रेशनची आहे : खाणारी तोंडं फार, धान्य थोडं. रोग म्हणणारा तो दुसरा, 1999 च्या ‘मेट्रिक्स’ सिनेमातला काळा गॉगल आणि कडक इस्त्रीचा सूट घातलेला एजंट स्मिथ. भाच्यानं मला दोघेही दाखवले. थॅनोसच्या हनुवटीवर नांगरून ठेवल्यासारख्या सऱ्या आहेत, त्यातच माझं निम्मं लक्ष गेलं. पण भीती वाटली ती त्या सूटवाल्याची. तो आवाज चढवत नाही, वर्गात शिकवावं तसं बोलतो.

आणि चुकीचं शिकवतो! त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक सस्तन प्राणी भोवतालाशी मेळ घालून राहतो, एकटा माणूसच व्हायरससारखा वाढत सुटतो आणि सगळं फस्त करतो. माझ्या विद्यार्थ्यानं हे लिहिलं असतं, तर लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढून दिलं असतं. बेरिंगच्या समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं एक बेट आहे. 1944 साली अमेरिकन तटरक्षक दलानं तिथे 29 रेनडिअर सोडले, अडीअडचणीला मांस मिळावं म्हणून. शिकारी प्राणी नाही, दगडफूल भरपूर. 1963 च्या उन्हाळ्यात कळप सहा हजारांवर गेला, दगडफूल खाऊन संपवलं, आणि त्यानंतरच्या एका हिवाळ्यात उरले 42. मेळ घालायची उपजत बुद्धी कुठे गेली होती? सस्तन प्राण्याला खायला मिळालं आणि खाणारा कुणी नसला, की तो वाढतो. रेनडिअरही वाढतो, उंदीरही वाढतो.

उलट व्हायरसकडे बघा. ऑस्ट्रेलियात सशांनी कुरणं ओरबाडली, म्हणून 1950 साली त्यांच्यात मायक्सोमा नावाचा विषाणू सोडला. सुरुवातीला शंभरातले नव्याण्णव ससे मरत. पण ससा पटकन मेला, तर त्याला चावून डासानं विषाणू पुढे न्यायचा कधी? मग ससा जरा रेंगाळत ठेवणारे विषाणू जास्त पसरले. काही वर्षांत विषाणू सौम्य झाला आणि सशांतही प्रतिकारशक्ती आली. म्हणजे मेळ बसला तो विषाणूचा, आणि बेसुमार वाढला तो सस्तन प्राणी. सूटवाल्याच्या वाक्यातले दोन शब्द आपापली जागा बदलून बसले होते. (हा विषाणू माणसाला बाधेल, अशी आवई तेव्हा उठली. तर फ्रँक फेनर आणि आणखी दोघा शास्त्रज्ञांनी तो स्वतःलाच टोचून घेतला. काही झालं नाही. पुढे देवी रोग जगातून गेल्याची खातरजमा करणाऱ्यांत हेच फेनर होते.)

आता थॅनोसचं गणित. चुटकी वाजवली की निम्मे जीव राख. सिनेमा 2018 चा. तेव्हा जगाची लोकसंख्या साधारण 760 कोटी. निम्मे म्हणजे 380 कोटी. मुलाला सांगा, जगात 380 कोटी माणसं शेवटची कधी होती ते शोध. उत्तर येईल, 1972 च्या आसपास. महाराष्ट्राचंही गणित जमतं : 1971 च्या जनगणनेत पाच कोटी, 2011 ला सव्वाअकरा कोटी.

ताई, थॅनोसच्या त्या स्वर्गात मी राहून आले आहे. आठ वर्षांची होते. आमचं गाव जत तालुक्यात. सत्तरपासून पाऊस हुलकावण्या देत होता, बहात्तरला त्यानं तोंडच दाखवलं नाही. विहिरीच्या तळाशी उतरून माणसं वाटीनं पाणी भरत. घरात अमेरिकेची मिलो, म्हणजे लाल ज्वारी. तिची भाकरी चिरायची, आणि आजी म्हणायची, ‘हे गुरांचं हाय, पर गुरं तरी कुठं हायती?’ बैलजोडी त्याआधीच बाजारात गेली होती, कातड्याच्या भावानं. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी तिच्याबरोबर जायची ती सुकडीच्या, म्हणजे दुष्काळात वाटायच्या पौष्टिक खाऊच्या आशेनं. तिथे पोरांच्या ओंजळीत सुकडी घालत. मोठ्यांच्या हातोड्यांचा तो ठकठक आवाज मला अजून कधी कधी झोपेत ऐकू येतो.

माणसं निम्मी होती, म्हणून आमच्या विहिरीला दुप्पट पाणी आलं नाही. आणि आम्ही जगलो, ते कुणी वजा झालं म्हणून नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी 1969 साली एक प्रयोग करून पाहिला होता : मागेल त्याला काम आणि कामाला दाम. दुष्काळात तीच कल्पना राज्यभर नेली गेली, आणि 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. त्याला पैसा हवा म्हणून 1975 साली नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. पुढे मी नोकरीला लागले, तेव्हा दरमहा पगारातून तो कापला जायचा. स्टाफरूममध्ये सगळे कुरकुरत. मी गप्प बसे. माझी सुकडी फेडत होते.

शिवाय थॅनोस उशिरा आला. 1992-93 च्या पाहणीत भारतात एका बाईला सरासरी 3.4 मुलं होती. 2019-21 ला हा आकडा 2 वर आला, महाराष्ट्रात तर 1.7. पोरी शाळेत गेल्या, पोरं जगायला लागली, डॉक्टर नर्स गावात पोचले. पेट्रीडिशमधले, म्हणजे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवलेले जिवाणू मॅट्रिक होऊन ‘आता एकच पुरे’ म्हणाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

‘रँडम असतं’ हे त्याचं वाक्य मात्र मला टोचलं. सिनेमात असेल. आमच्याकडे 1976 ला, आणीबाणीत, चुटकी वाजली तेव्हा नव्हतं. माझे चुलते प्राथमिक शिक्षक. नसबंदीच्या अमुक इतक्या ‘केस’ आणा, नाहीतर पगार नाही, असा वरून निरोप. ते कुणाच्या दारात गेले असतील? वाड्यावर नाही गेले. गावाबाहेरच्या वस्तीत गेले. मरेपर्यंत त्या वस्तीतल्या एका माणसाच्या नजरेला नजर दिली नाही त्यांनी. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. देशभरात त्या एका वर्षात 80 लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

आणि माणसाला रोगजंतू म्हणायची सवय त्याहून जुनी आहे. माझ्या प्रयोगशाळेत रोगजंतूंचा माग काढणाऱ्या पाश्चर आणि कॉख या शास्त्रज्ञांच्या तसबिरी होत्या. 1942 साली हिटलर ज्यूंना विषाणू म्हणाला आणि आपली लढाई पाश्चर-कॉखच्या लढाईसारखीच असल्याचं सांगू लागला. हे वाचलं, त्या दिवशी कॉखच्या तसबिरीकडे बघवेना. त्या बिचाऱ्यानं क्षयाचा जंतू शोधला होता, माणसं वाचावीत म्हणून.

आता ते मासे. मुलाचं चुकलंय ते इथे. दुःख खरं आहे, आरोपी चुकीचा पकडलाय. कारखान्याची मळी किंवा शहराचं सांडपाणी नदीत आलं, की जिवाणूंना पंगत मिळते. ते त्या घाणीवर तुटून पडतात आणि पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. लिटरला चार-पाच मिलिग्रॅमच्या खाली गेला की माशांची घालमेल सुरू होते, ते वर येऊन तोंड उघडतात. दोनच्या खाली गेला की तुमच्या मुलानं पाहिलं ते दिसतं. ते मासे मानवजातीनं नाही मारले, कुठल्या तरी पाइपानं मारले. पाइपाला तोंड असतं, मालक असतो, मालकाला नोटीस जाते. ‘माणूस हा रोग’ म्हटलं, की सगळ्यात खूश होतो तो पाइपवाला. कारण मग तोही रोगी, नदीत धुणं धुणारी बाईही रोगी, आणि तुमचा मुलगाही.

तेव्हा तो कागद फाडू नका. त्याला एका रविवारी माझ्याकडे पाठवा. तीनशे मिलिलिटरच्या काचेच्या बुचाच्या दोन बाटल्या अजून माझ्याकडे आहेत. पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा आत राहू न देता त्या कशा भरायच्या ते शिकवते. मग ऑक्सिजन मोजायला मँगनीज सल्फेट, अल्कली-आयोडाइड, आम्ल, थोडा स्टार्च. पाणी गर्द निळं होतं, थेंब थेंब थायोसल्फेट सोडलं की एका थेंबाला निळा रंग झटकन जातो. जितके थेंब, तितका ऑक्सिजन. अंकलीच्या पुलाखाली एक बाटली, वरच्या अंगाला एक. दोन आकडे वहीत आले, की त्याला नवीन कागद लिहायला लागेल. जागा तीच वापरू दे.

प्रश्न : बाई, मी एकांकिका लिहितोय. त्यात एक अक्राळविक्राळ राक्षस आहे, त्याला पृथ्वी माणसांपासून मुक्त करायची आहे. वाचून दाखवली की सगळे हसतात. तो भीतिदायक कसा होईल?
— कॉलेजचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : बाळा, आधी त्याची शिंगं काढ. नंतर पृथ्वीबद्दलची भाषणं काढ. तुझ्या पत्रातलाच उतारा घे, त्यात ‘विनाश’ सात वेळा आलाय. त्याला कुणाबद्दल तरी माया दे. सिनेमातला थॅनोस हिशेब मांडतो, पण 1991 च्या मूळ कॉमिकमध्ये तो हे सगळं मृत्यूला खूश करायला करतो. तिथे मृत्यू ही बाई आहे, आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ही गोष्ट मला सिनेमापेक्षा जास्त आवडली.

पण तुझ्या घरातली पोथी उघड. महाभारतात शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात : ब्रह्मदेवानं प्रजा निर्माण केली, ती मरेचना. इतकी वाढली, की श्वास घ्यायला जागा उरली नाही. ब्रह्मदेव संतापला, त्याच्या रागाचा अग्नी झाला, चराचर जळू लागलं. शंकरानं विनवलं, तेव्हा त्यानं तो अग्नी आवरला, आणि त्यातून एक सावळी, लाल वस्त्रांतली स्त्री बाहेर आली. तीच मृत्यू. तिला हुकूम झाला, यांना मार. आणि ती रडायला लागली. मी लेकरांना, आयांना कशी मारू, म्हणाली. हुकूम टाळण्यासाठी वर्षानुवर्षं एका पायावर तप करत राहिली. ब्रह्मदेवानं तिची आसवं खाली पडू दिली नाहीत, ओंजळीत धरली. शेवटी त्या आसवांचेच रोग झाले.

बघ, इथे माणूस रोग नाही. रोग हे मृत्यूचं रडणं आहे. माझ्या विषयात इतकं चांगलं वाक्य मला कुणी शिकवलं नाही. तुझ्या राक्षसाला फक्त या बाईसमोर उभा कर. तो म्हणेल, मी तुझं काम सोपं करायला आलोय. ती काय म्हणेल ते तू लिही, मी सांगणार नाही. ती ओंजळ रंगमंचावर कशी दाखवतोस, याची मला उत्सुकता आहे. खरं पाणी वापरू नकोस, पुढच्या संघाचा कुणीतरी घसरून पडेल. प्रयोग सांगलीला आला तर कळव. पहिल्या दोन रांगांत डावीकडची खुर्ची ठेव, डाव्या कानानं मला कमी ऐकू येतं.