परदेशी अनुदान, इथला हिशेब

परदेशी देणगीदारांच्या अनुदानाविषयी गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे वगळली असून मोठी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमची संस्था गोवंडीत कचरावेचक महिलांच्या मुलींसाठी अभ्यासवर्ग चालवते. एफसीआरए (परदेशी देणग्यांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा) नोंदणी दोन वर्षांपूर्वी मिळाली. आता युरोपातील एक प्रतिष्ठान तीन वर्षे दरवर्षी 50,000 युरो देण्यास तयार आहे. मात्र ‘या कामामुळे विषमता किती कमी होईल, ते अंदाजपत्रकासह कळवा’ असे त्यांनी लिहिले आहे. ‘300 मुलींना लाभ होईल’ असे आम्ही लिहिणार होतो. तेवढे पुरेल का? आणि या कायद्यातील प्रशासकीय खर्चाची 20 टक्क्यांची मर्यादा आमच्या शिक्षिकांच्या मानधनालाही लागू होते का? – संस्थेच्या चिटणीस, गोवंडी

उत्तर : ताई, 300 हा आकडा आपण किती जणींपर्यंत पोहोचणार एवढेच सांगतो, विषमतेविषयी तो काही सांगत नाही. विषमता म्हणजे दोन गटांमधले अंतर, आणि अंतर मोजायचे तर त्याची दोन्ही टोके मोजावी लागतात. समजा, आपल्या वर्गात येणाऱ्या मुलींची महापालिकेच्या शाळेतील हजेरी आज सरासरी 55 टक्के आहे आणि त्याच शाळांतील इतर मुलींची 80 टक्के आहे. तीन वर्षांनी आपल्या मुली 70 टक्क्यांवर आल्या आणि इतर मुली 92 वर गेल्या, तर अहवालात प्रगती भरघोस दिसेल. पण 25 चे अंतर 22 वर आले, म्हणजे विषमता जवळजवळ होती तिथेच राहिली. म्हणून पहिला हप्ता खर्ची पडू लागण्याआधी दोन्ही गटांची पायाभूत पाहणी करून घ्या आणि तिचा खर्च अंदाजपत्रकात उघडपणे मागा. असा खर्च मागितलेला पाहून बहुतेक देणगीदारांना बरेच वाटते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी, मानखुर्द, देवनार यांचा समावेश असलेला एम-पूर्व प्रभाग शहरातील सर्व प्रभागांत तळाला होता, त्यामुळे ‘आमच्याकडे सगळेच गरीब, निवड कसली करायची’ असे कार्यकर्ते म्हणतात आणि ते समजण्यासारखे आहे. तरीही वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ज्या मुली येतात, त्या त्यातल्या त्यात बऱ्या घरच्या असतात, असा माझा अनेक वस्त्यांमधला अनुभव आहे. जिच्या कडेवर धाकटे भावंड आहे, जिला वर्गाच्या वेळेतच पाण्याच्या रांगेत उभे राहावे लागते, जी आईबरोबर माल निवडायला बसली नाही तर त्या दिवशीचे पैसे कमी येतात, ती मुलगी आपल्या दाराशी येत नाही. तिला आणायचे असेल तर अंदाजपत्रकात पाळणाघराचे शीर्ष (खर्चाची स्वतंत्र बाब) हवे, संध्याकाळी उशिराच्या दुसऱ्या तुकडीचे मानधन हवे, आणि अपंग मुलींसाठी रिक्षाभाडे हवे. मी कोणताही प्रस्ताव हाती घेतला की आधी खर्चाची शीर्षे वाचतो आणि प्रस्तावना नंतर. सर्वांत वंचित मुलीचा उल्लेख प्रस्तावनेत तीनदा येतो आणि खर्चाच्या तक्त्यात तिच्यासाठी एक रुपयाही नसतो, असे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. आपल्या हजेरीपटात आईचा व्यवसाय, घरापासून वर्गापर्यंतचे अंतर, घरची भाषा आणि अपंगत्व एवढे चार रकाने वाढवले, तर कोण येत नाही हे दर तिमाहीला आपल्यालाच कळेल.

आता 20 टक्क्यांविषयी. वर्षभरात मिळालेल्या परकीय अंशदानापैकी, म्हणजे परदेशी देणगीपैकी, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पूर्वी 50 टक्के होती. 2020 च्या दुरुस्तीने ती 20 टक्क्यांवर आली आणि तिच्यापलीकडे जायचे तर केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते. कार्यकारी मंडळाच्या सदस्यांचे मानधन व प्रवास, व्यवस्थापनासाठी नेमलेल्या कर्मचाऱ्यांचे पगार, कार्यालयाचे भाडे, वीज, टेलिफोन, छपाई, हिशेब ठेवण्याचा खर्च, अहवाल लिहिण्याचा खर्च आणि वकील वा लेखापालांचे शुल्क हे सारे नियमांनुसार प्रशासकीय खर्चात मोडते. मात्र कल्याणकारी संस्थेच्या उद्दिष्टांसाठी थेट होणारा खर्च त्यातून वगळलेला आहे, आणि शाळेतील शिक्षकांचे व रुग्णालयातील डॉक्टरांचे पगार हीच त्याची उदाहरणे नियमात दिली आहेत. आपल्या शिक्षिका वर्गावर शिकवतात, तेव्हा त्यांचे मानधन कार्यक्रमाच्या खर्चात धरावे. अडचण येते ती अर्धा दिवस शिकवून अर्धा दिवस कार्यालय सांभाळणाऱ्या ताईंची. त्यांच्या नेमणूकपत्रात कामाची विभागणी लिहा आणि वेळेची नोंद ठेवून मानधन त्याच प्रमाणात दोन शीर्षांत विभागा.

यात एक पेच आहे, तो देणगीदाराला आधीच समजावून सांगितलेला बरा. त्याला हवी असलेली बारकाईची मोजणी, तिचे अहवाल आणि काटेकोर लेखापरीक्षण यांचा बराचसा भार याच 20 टक्क्यांवर पडतो. एकच देणगीदार असता तर निभावले असते. पण तीन देणगीदारांचे तीन नमुन्यांतले अहवाल लिहिता लिहिता लहान संस्थेची मर्यादा संपून जाते. सर्वांसाठी एकच वार्षिक अहवाल मान्य करण्याची विनंती करून पाहा. ती मान्य झाल्याची उदाहरणे मला माहीत आहेत.

शेवटी विनिमय दराचे. करार युरोत आहे आणि मानधन रुपयांत द्यायचे आहे. अंदाजपत्रक करताना आपण 90 रुपयांचा दर धरला तर वर्षाचे 45 लाख होतात. हप्ता आला त्या दिवशी दर 86 असेल तर 43 लाखच जमा होतील, आणि दोन लाखांची ही तूट एखाद्या शिक्षिकेच्या वर्षभराच्या मानधनाएवढी असू शकते. त्यामुळे थोडा कमी दर धरून अंदाजपत्रक करावे, आणि दर वधारून जास्त रुपये आले तर ते कोणत्या शीर्षावर खर्च करायचे, हे करारातच लिहून घ्यावे. मी तेथे पाळणाघराचे शीर्ष सुचवेन.

प्रश्न : विक्रोळीच्या आमच्या लहान संस्थेला पूर्वी एका मोठ्या संस्थेमार्फत परदेशी निधीचा वाटा मिळत असे. 2020 नंतर तो बंद झाला. आता तीच संस्था म्हणते की, आम्ही ‘सेवा पुरवल्याचे’ बिल द्यावे. ते चालेल का? – कार्यकर्ता, विक्रोळी

उत्तर : जे काम पूर्वी अनुदानातून होत होते, तेच काम आता बिलाच्या नावाने दाखवायचे असेल, तर चालणार नाही आणि आपण त्या वाटेला जाऊ नये. 29 सप्टेंबर 2020 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने परकीय अंशदान एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित करण्यास पूर्ण बंदी घातली आहे; दोघींचीही नोंदणी असली तरी सूट नाही. बाजारभावाने आणि निविदा वा दरपत्रक मागवून केलेली खरी खरेदी निराळी असते. उदाहरणार्थ, आपला बचत गट जेवणाचे डबे पुरवत असेल आणि त्याचे बिल देत असेल. अनुदानाला बिलाचा मुखवटा चढवला तर दोन्ही संस्था अडचणीत येतात, आणि मोठी संस्था सावरते तशी लहान संस्था सावरत नाही.

या बंदीमागे पैशाचा माग ठेवण्याचा हेतू होता, हे मान्य करूनही तिचा भार कुणावर पडला हे सांगितले पाहिजे. इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारी आणि पूर्णवेळ लेखापाल ठेवणारी मोठी संस्था पूर्वी गल्लीतल्या लहान मंडळाला आपल्याबरोबर नेत असे. आता मोठ्या संस्थेने स्वतःचीच माणसे त्या गल्लीत पाठवायची असतात, आणि वर्षानुवर्षे तिथे राबलेले मंडळ बाहेर उभे राहते. विषमता कमी करण्यासाठी आलेला निधी संस्था-संस्थांमधले अंतर वाढवतो, हे मला खटकते.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. संस्थेला किमान तीन वर्षे झाली असतील आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर किमान 15 लाख रुपये खर्च झाले असतील, तर स्वतःच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. तेवढे नसेल, तर ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रक्कम घेण्यास पूर्वपरवानगी मागता येते. त्यासाठी देणगीदाराचे वचनपत्र जोडावे लागते. दोन्ही अर्ज ऑनलाइन केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातात. अर्जापूर्वी धर्मादाय आयुक्तांकडील विश्वस्त बदलाचे अहवाल मंजूर झाले आहेत का, ते वरळीला जाऊन पाहून या. अनेक संस्थांत दहा वर्षांपूर्वी निवर्तलेले विश्वस्त नोंदवहीत अजून कायम असतात.

प्रश्न : माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. दादरच्या आमच्या वाचनालय ट्रस्टला तो विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दरवर्षी पैसे पाठवू इच्छितो. ट्रस्टची एफसीआरए नोंदणी नाही. घरचाच माणूस असल्याने हरकत नसावी ना? – विश्वस्त, दादर

उत्तर : नाते येथे पाहिले जात नाही, पारपत्र पाहिले जाते. पुतण्याकडे ग्रीन कार्ड असले तरी पारपत्र भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पैसे पाठवत असेल, तर ते परकीय अंशदान ठरत नाही. त्याच्या पारपत्राची प्रत पावतीला जोडून दर वर्षी फाइलमध्ये ठेवा. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे कार्ड) असूनही तो कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत आहे, आणि नोंदणी वा पूर्वपरवानगीशिवाय त्याचा एक डॉलरही ट्रस्टने घेऊ नये. जाता जाता एक गंमत : संयुक्त राष्ट्रसंघ आणि जागतिक बँक मात्र या कायद्याच्या व्याख्येत परकीय स्रोत नाहीत.

प्रश्न : कुर्ल्यात आमचे क्षयरुग्णांना आधार देणारे काम अमेरिकेतील निधीवर चालत होते. 2025 च्या सुरुवातीला ‘काम थांबवा’ असे पत्र आले आणि 11 कार्यकर्त्यांना घरी बसवावे लागले. पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे? – प्रकल्प समन्वयक, कुर्ला

उत्तर : 20 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेने परकीय विकास मदत 90 दिवसांसाठी स्थगित केली आणि 1 जुलैपासून यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचे उरलेले काम तिथल्या परराष्ट्र खात्याकडे गेले. हा धक्का अनपेक्षित होता, पण देणगीदार देश हात आखडता घेतात हे नवे नाही. ब्रिटनने 2015 नंतर भारताला थेट आर्थिक अनुदान देणार नाही असे 2012 मध्येच जाहीर केले होते. फरक एवढाच की तेव्हा आवराआवर करायला तीन वर्षे मिळाली.

पुढच्या करारात तीन बाबींचा आग्रह धरा. करार मध्येच संपुष्टात आला, तर नोटीस किती दिवसांची असेल. त्या तारखेपर्यंत झालेला आणि बांधील असलेला खर्च देणगीदार देईल का. आणि कार्यकर्त्यांचा नोटीस काळातील पगार अंदाजपत्रकात धरला आहे का. शक्य असेल तेथे काम आधी करून खर्च मागून मिळवण्याची पद्धत टाळून आगाऊ हप्ता मागा, कारण थकलेली बिले संस्थेला बुडवतात. हाती असलेली शिल्लक सट्ट्याच्या स्वरूपाच्या गुंतवणुकीत घालण्यास कायद्याने मनाई आहे. ती बँकेत मुदत ठेवीत असली तरी तिचे व्याजही परकीय अंशदानच धरले जाते, हे विसरू नये.

मात्र आपल्या कामाबद्दल मला वेगळेच विचारायचे आहे. क्षयाची औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात; आपले 11 जण रुग्णाने औषध मध्येच सोडू नये म्हणून घरोघरी जात होते. आजारपणात मजुरी बुडालेला रुग्णच आधी औषध सोडतो, म्हणजे सर्वांत गरिबाला लागणारा भाग परदेशी पैशावर आणि सर्वांना लागणारा भाग सरकारी पैशावर, अशी ही वाटणी झाली होती. महापालिकेच्या आरोग्य विभागाशी, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीशी आणि वस्तीतल्या लहान देणगीदारांशी बोलताना हे आधी मांडा, आणि 11 पैकी निदान चार जणांचा पगार दोन वर्षांत इथल्या पैशावर आणा. चार हा आकडा मी अंदाजाने लिहिला आहे. कोणते चार, ते रुग्णांच्या यादीवरून ठरवा.

प्रश्न : या वर्षी परदेशातून काहीच आले नाही. तरी विवरणपत्र भरावे लागते का? शिवाय एक स्थानिक देणगी चुकून दिल्लीच्या खात्यात भरली गेली आहे. – खजिनदार, मुलुंड

उत्तर : विवरणपत्र भरावेच लागते. एफसी-4 नमुन्यात शून्य रकमेचे विवरणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे 31 डिसेंबरपर्यंत, दाखल करा. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत करायचा असतो. तेव्हा मधली विवरणपत्रे तपासली जातात.

स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खाते केवळ परकीय अंशदान घेण्यासाठी आहे, त्यात दुसरा पैसा जमा होता कामा नये. मी विश्वस्त असलेल्या एका संस्थेतही 5,000 रुपयांचा स्थानिक धनादेश घाईत अशाच खात्यात भरला गेला होता, आणि त्याचा खुलासा आम्ही पुढच्या नूतनीकरणापर्यंत करत राहिलो. आपल्या लेखापरीक्षकांना आजच कळवा, चूक कशी झाली हे कार्यकारिणीच्या ठरावात तारखेसह नोंदवा आणि तो ठराव विवरणपत्राच्या फाइलमध्ये ठेवा.