लाल घे, निळा राहू दे

तू विचारलंस की बीटल्स या इंग्लिश बँडच्या निवडक गाण्यांचे १९६२-६६ आणि १९६७-७० हे दोन संच, ज्यांना आपण सगळे लाल आणि निळा म्हणतो, ते २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गाणी वाढवून नव्याने आले. ते विकत घेण्यासारखे आहेत का, की मोबाइलवर सगळं ऐकायला मिळत असताना तो निव्वळ खर्च? त्यावर आपल्या नाशिककर मंडळींचे दोन तट पडलेत. तू मला काका म्हणालास, म्हणून एकेरीत लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. लाल संच घे, आणि सीडीवर घे. निळा सध्या राहू दे. एलपी, म्हणजे मोठी तबकडीच, हवी असेल तर गाण्यांचा क्रम नीट बघ आणि मगच पैसे मोड. असं का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

इंदिरानगरच्या आपल्या मित्राचं म्हणणं असं, की गाणी तीच, वेष्टन नवं, आणि निवडक गाण्यांची यादी तर आपली आपणही करू शकतो. त्याचा राग मला कळतो. १९९३ साली हे संच पहिल्यांदा सीडीवर आले, तेव्हा लाल संचातली २६ गाणी मिळून तासाभराहून थोडीच जास्त भरत होती. एका सीडीत आरामात मावली असती. कंपनीने दोन सीड्या केल्या आणि किंमतही दोनाचीच लावली. ज्यांनी तेव्हा पोटाला चिमटा काढून ती घेतली त्यांना आजही नव्या संचाचं नाव काढलं की तेच आठवतं.

पण ‘निवड’ म्हणजे कमी दर्जाची वस्तू, हे मला पटत नाही. माझे वडील नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होते आणि जेलरोडच्या एका भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. घरात तुकोबांची गाथा होतीच, तरी त्यांची भजनाची वही वेगळी असायची. आधी रूपाचे अभंग, मग बाकीचे, शेवटी भैरवी. कुठल्या अभंगामागे कुठला, हे त्यांनी आणि त्यांच्या आधीच्या लोकांनी वर्षानुवर्षं गाऊन ठरवलेलं होतं. गाथा घरात आहे म्हणून कुणी ती वही टाकून दिली नाही. चांगल्या संचाकडे मी याच नजरेने बघतो. त्यात काय घेतलं, काय गाळलं आणि कशामागे काय ठेवलं, एवढंच तपासायचं.

१९७३ च्या लाल संचात या तिन्ही बाबतींत खोट होती. बाजारात बीटल्सच्या गाण्यांचा एक चोरटा चार तबकड्यांचा संच टीव्हीवर जाहिरात करून विकला जात होता. त्याला तोड म्हणून एप्रिल १९७३ मध्ये हे दोन अधिकृत संच आले. गाणी त्यांचा व्यवस्थापक ॲलन क्लाइन याच्या देखरेखीखाली निवडली गेली. लाल संचातली सगळीच्या सगळी गाणी बँडमधल्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी या जोडीची, तिसऱ्या जॉर्ज हॅरिसनचं एकही नाही. ‘रिव्हॉल्व्हर’सारख्या अल्बममधून फक्त दोन गाणी घेतली होती, ‘एलिनॉर रिग्बी’ आणि ‘यलो सबमरीन’. संच संपायचा तो ‘यलो सबमरीन’वर, आणि निळ्याची सुरुवात ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ने. लहान मुलांनी टाळ्या पिटत म्हणावं असं ते गाणं, आणि पाठोपाठ हे स्वप्नात चालल्यासारखं. ही माणसं इथून तिथे पोहोचली कशी, याचा पत्ताच लागायचा नाही. मला कित्येक वर्षं वाटायचं की मध्ये काहीतरी घडलंय आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही.

नव्या लाल संचात १२ गाणी वाढवून ३८ झाली आहेत. ‘रिव्हॉल्व्हर’ची आता सात आहेत. ‘टॅक्समन’ आणि ‘इफ आय नीडेड समवन’मुळे जॉर्जला जागा मिळाली, आणि शेवटाकडे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ आलं. ते ऐकून मग निळा लाव. मधली पायरी आता आहे. ही एक दुरुस्तीच मला संचाच्या किमतीची वाटते.

तरी लाल घे म्हणतो त्याचं मोठं कारण वेगळं आहे, आणि ते कानाचं आहे.

१९८४ साली देवळाली कॅम्पमधून बदली होऊन निघालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरचं सामान विकायला निघालं होतं. तिथून मी जुना लाल संच आणला. तबकड्यांवर बारीक ओरखडे होते, पुठ्ठ्याच्या आवरणाला बुरशीचा वास येत होता. वरचा फोटो मात्र शाबूत होता. लंडनच्या ईएमआयच्या जिन्यावरून वाकून खाली बघणारे ते चौघे. आमच्या रेकॉर्ड प्लेअरचा उजवा स्पीकर तेव्हा बंद पडलेला होता, डाव्यावरच भागवायचो. ‘नोव्हेअर मॅन’ लागलं की आधी सुईची खरखर, मग काही क्षण जवळजवळ काहीच नाही, आणि एकदम गिटार, बास, ड्रम सुरू. गाणारा कुणी नाही. मी ते गाणं सहा-सात महिने असंच ऐकलं. वाद्यांचंच असेल, अशी माझी समजूत. मग बिटको चौकाजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने स्पीकरची तुटलेली तार जोडून दिली. घरी येऊन तीच तबकडी लावली आणि जिथे नुसती शांतता होती तिथून तीन आवाज एकत्र उठले. वाद्यांचा आधार नाही, नुसते गळे. माझ्या अंगावर तेव्हा आलेला काटा मला अजून आठवतो.

हे असं का व्हायचं, ते नंतर कळलं. १९६३ सालच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणात दोनच ट्रॅक मिळायचे. बीटल्सचे ध्वनिमुद्रण सांभाळणारे निर्माते जॉर्ज मार्टिन एकावर वाद्यं घ्यायचे, दुसऱ्यावर आवाज. नंतर दोन्ही नीट तोलून एकत्र मोनो, म्हणजे एकच मिसळलेला आवाज, करता यावं, एवढाच त्यामागे हेतू. त्या काळी इंग्लंडमध्येही बहुतेक घरांत मोनोच वाजायचं. तेच दोन ट्रॅक स्टिरिओ, म्हणजे दोन स्पीकरना वेगवेगळा आवाज, म्हणून विकले गेले, तेव्हा वाद्यं एका कानात आणि गाणारे दुसऱ्या कानात अशी फाळणी झाली. ऑक्टोबर १९६३ मध्ये ‘आय वाँट टू होल्ड युवर हँड’च्या वेळी चार ट्रॅक मिळाले, पण ‘रबर सोल’पर्यंत स्टिरिओत ही फाळणी बरीचशी राहिलीच. खोलीत दूर ठेवलेल्या स्पीकरवर ती चालून जाते. हेडफोनवर मात्र डोकं उठतं. तुझ्या पिढीला जुनी बीटल्स गाणी ‘विचित्र’ वाटतात, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

‘शी लव्ह्ज यू’ची कथा त्याहून अवघड. त्याच्या मूळ टेप उरल्याच नाहीत. हातात आहे ती फक्त तयार मोनो प्रत. म्हणजे साठ वर्षं या गाण्याला खरा स्टिरिओ असा नव्हताच, कारण वेगळं करायला काही शिल्लकच नव्हतं. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या मंडळींनी बीटल्सवरच्या ‘गेट बॅक’ या माहितीपटासाठी एक यंत्रणा तयार केली. गिटार कशी वाजते, माणसाचा आवाज कसा असतो हे त्या यंत्राला शिकवायचं, आणि मग एकत्र मिसळलेल्या ध्वनीतून ते एकेक सूर बाजूला काढतं. तीच यंत्रणा वापरून जाइल्स मार्टिन यांनी, म्हणजे जॉर्ज मार्टिन यांच्या मुलाने, लाल संचातली बहुतेक गाणी नव्याने मिसळली. आता ‘शी लव्ह्ज यू’त ड्रमला वजन आलंय, बास वेगळा ऐकू येतो आणि आवाज मधोमध आहेत.

सगळंच निर्दोष झालंय असं नाही. हेडफोन लावून ‘शी लव्ह्ज यू’च्या झांजांकडेच लक्ष दे. त्यांची किनार किंचित ओली, फसफसल्यासारखी लागते. यंत्राने ओढून काढलेल्या आवाजाची ती खूण आहे. ज्यांना जुनी मोनो तबकडी पाठ आहे त्यांना ती खटकणारच, आणि त्यांचं चुकत नाही. मोनो प्रत त्यांनी जपून ठेवावी. मला ‘नोव्हेअर मॅन’चे तीन गळे आता समोरून, माझ्याकडे तोंड करून गाताना ऐकू येतात, त्यापुढे झांजांची किनार मी सोडून देतो.

निळ्याचं गणित वेगळं आहे. त्यात नऊ गाणी वाढून ३७ झाली. पण ‘सार्जंट पेपर’ २०१७ मध्ये, पांढरा अल्बम २०१८ मध्ये, ‘ॲबी रोड’ २०१९ मध्ये आणि ‘लेट इट बी’ २०२१ मध्ये जाइल्स मार्टिननीच नव्याने मिसळून आणले होते. तुझ्याकडे त्यातले दोन आधीच आहेत असं तू लिहिलंयस. मग निळ्यात तुला खरोखर नवं असं ‘आय ॲम द वॉलरस’, ‘द फूल ऑन द हिल’ अशा थोड्या गाण्यांपुरतंच मिळेल. आणि ‘नाऊ अँड देन’ मिळेल. लेननने १९७० च्या दशकात घरी पियानोवर म्हटलेली ती कॅसेट, १९९४ मध्ये त्याची पत्नी योको ओनोने पॉलच्या हाती दिलेली. बँडमधल्या बाकीच्या तिघांनी १९९५ मध्ये प्रयत्न करून पाहिला, पण पियानोखाली दबलेला आवाज सोडवता येईना म्हणून ती बाजूला पडली. जॉर्ज हॅरिसन २००१ मध्ये गेला. यंत्राने आवाज सोडवल्यावर १९९५ ची त्याची गिटार घेऊन गाणं पुरं झालं. ते मी ऐकतो आणि प्रत्येक वेळी हलतो. पण ते एकट्यानेही ऐकता येतं, त्यासाठी अख्खा संच नको.

एलपीबद्दल. सीडीवर गाणी काळाच्या क्रमाने लावली आहेत. एलपीवर मात्र पहिल्या दोन तबकड्या १९७३ च्याच ठेवल्या आणि वाढीव गाणी तिसरीवर घातली. म्हणजे लाल एलपीत १९६६ च्या ‘यलो सबमरीन’नंतर तिसरी तबकडी लावली की तू परत १९६३ मध्ये. निळ्यात २०२३ च्या ‘नाऊ अँड देन’नंतर लगेच १९६८ चं ‘ब्लॅकबर्ड’. जी पायरी बांधली म्हणून मी वर एवढं कौतुक केलं, ती एलपीवर पुन्हा निखळते. भैरवी झाल्यावर कुणी रूपाचे अभंग सुरू करत नाही. जुना क्रम ज्यांच्या हाडीमासी खिळलाय त्यांच्यासाठी तसं केलं असणार, पण नव्याने ऐकणाऱ्याने तो भुर्दंड का सोसावा?

एक खंत मात्र दोन्ही संचांबद्दल आहे, आणि ती आपल्या मातीतली आहे. वाढीव गाण्यांत ‘विदिन यू विदाउट यू’ आलं याचा आनंद आहे. पण ‘लव्ह यू टू’ नाही. १९८६-८७ च्या सुमारास मित्राकडून ‘रिव्हॉल्व्हर’ची एलपी आणून मी ते लावलं. आधी सतारीची मोकळी छेड, आणि मग तबला शिरतो. वडील आतल्या खोलीत पेपर वाचत होते. बाहेर आले, उभे राहून पूर्ण गाणं ऐकलं, आवरण हातात घेतलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, “अनिल भागवत, तबला.” मग म्हणाले, “परत लाव.” इंग्रजी गाणं परत लावायला त्यांनी मला त्या एकदाच सांगितलं. बीटल्सच्या एका अल्बमच्या आवरणावर १९६६ मध्ये ते नाव छापलं गेलं होतं, आणि दोन्ही वेळच्या निवडीत ते गाणं बाहेरच राहिलं.

दुसरं ‘द इनर लाइट’. त्याची सगळी वाद्यं जॉर्जने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत, आपल्या वादकांकडून वाजवून घेतली. सरोद, बासरी, पखवाज, हार्मोनियम. गायन तेवढं नंतर लंडनला झालं. नाशिकहून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जिथे दुपारच्या आत पोहोचता येतं तिथे बीटल्सचं एक गाणं वाजलं, आणि ते या ७५ गाण्यांत नाही. ते तुला ‘पास्ट मास्टर्स’ या त्यांच्या दुसऱ्या संचात मिळेल. मोबाइलवर निळ्याची यादी करशील तेव्हा ‘लेडी मॅडोना’च्या लगेच खाली टाक. मार्च १९६८ मध्ये त्या तबकडीच्या मागच्या बाजूला तेच होतं.