बनावे आणि बताद: आधी तारीख, मग तिकीट

ऑगस्टमध्ये फिलिपिन्सला, मनिलाला जाताय, तिथून दोन दिवस काढून बनावेची पायऱ्यांची भातशेती पाहायची आहे, सोबत साठी ओलांडलेले आई-वडील आहेत आणि एका दिवसात जाऊन येणं जमेल का, असं तुम्ही विचारलंय. एका दिवसात जमणार नाही. आणि ऑगस्ट तर टाळाच.

आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे हिरवं शेत हे समीकरण पक्कं असतं. बनावे ज्या प्रांतात आहे त्या इफुगावमध्ये ते चालत नाही. तिथला पारंपरिक तिनावोन भात वर्षातून एकदाच पिकतो. लावणी साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होते, एप्रिल-मेमध्ये भात गर्द हिरवा असतो, जूनमध्ये पिवळा पडायला लागतो आणि जूनअखेर ते जुलैत कापणी. गावाच्या उंचीप्रमाणे दोन-तीन आठवडे मागेपुढे होतं. ऑगस्टमध्ये जाल तेव्हा खाचरांत पाणी, चिखल आणि पेंढा-तणाचे ढीग दिसतील. वर वादळांचा मोसम. हिरवं पाहायचं तर एप्रिलचा शेवट ते मे. लावणीआधीच्या भरलेल्या खाचरांत आभाळाचं प्रतिबिंब हवं असेल तर डिसेंबर-जानेवारी, पण तेव्हा धुकं तासन् तास हलत नाही, एक जादा सकाळ हाताशी ठेवा.

मनिलाहून रात्रीची बस नऊ-दहा तासांत सकाळी बनावेला पोचवते. बसमधला एसी अंगात कापरं भरवतो, जाड जाकीट आणि कानटोपी सीटवर हाताशीच ठेवा, डिकीत टाकलेल्या बॅगेत नको. उतरल्यावर पर्यटन कार्यालयात नोंदणी करून शुल्क भरायचं. तिथेच परतीच्या बसची जागा पक्की करा. रोख पैसे मनिलातूनच न्या. बनावेत एटीएमच्या भरवशावर राहणं धोक्याचं, आणि बताद या जवळच्या शेतीच्या गावात सगळा व्यवहार रोखीचाच.

बनावेच्या व्ह्यू पॉइंटवरून फोटो काढून परतणारे खूप आहेत. पण 1995 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे पाच समूह घेतले, त्यांत हा देखावा नाहीच. ते पाच म्हणजे बताद, बांगाआन, मायोयाव, हुंगदुआन आणि कियांगानजवळचं नागाकादान. त्यामुळे बनावे हा गाडी बदलायचा थांबा समजा आणि निदान एक रात्र बतादमध्ये काढा. दिवसाच्या सहलीची माणसं दुपारी परततात. संध्याकाळचं तिरपं ऊन आणि पहाट फक्त मुक्कामी लोकांना मिळते.

बतादला ट्रायसिकल (बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल) किंवा जीपनीने (तिथली जीपसारखी लांब प्रवासी गाडी) खिंडीपर्यंत आणि रस्ता मोकळा असेल तर त्याच्याही खाली जाता येतं. शेवटचा टप्पा पायीच. गावापर्यंतचा उतार आई-वडिलांना सावकाश जमेल, गुडघे धड असले तर. गावाखालच्या ताप्पिया धबधब्याला मात्र त्यांना नेऊ नका. उतरताना सोपं वाटतं, पण परतीची उभी दगडी चढण भर दुपारी येते आणि सावली नाही. त्यांच्यासाठी बांगाआन उत्तम, रस्त्यावरूनच सगळं गाव आणि भोवतीची खाचरं दिसतात. थोडं चालायची हौस असेल तर हुंगदुआनमधलं हापाव, तिथली वाट बरीच सपाट आहे.

आता बांधावरून चालण्याबद्दल, कारण पडापडी तिथेच होते. बतादच्या भिंती दगडी आहेत. बांधाचा माथा कुठे फूटभर, कुठे त्याहून कमी. एका हाताला तुमच्याच पातळीचं पाणी, दुसऱ्या हाताला खालच्या खाचरापर्यंतचा कडा, जो काही ठिकाणी दोन पुरुष उंच असतो. तोल गेलाच तर पाण्याच्या बाजूला पडायचं, हे आधीच मनाशी ठरवून ठेवा. चिखलाने कपडे खराब होतात, एवढंच. बॅग पाठीवर घट्ट, कॅमेरा गळ्यात लोंबता नको. समोरून ओझं घेऊन कुणी आलं तर रुंद जागी थांबून त्यांना वाट द्या. एका भिंतीवरून दुसरीवर जायला भिंतीतून बाहेर आलेले दगड हीच पायरी. त्यावर पूर्ण पाऊल बसत नाही, म्हणून तोंड भिंतीकडे करून उतरा. तळ खरबरीत असलेले बूट घाला, सपाट चपला ओल्या दगडावर निसटतात. काठी दगडावर टेका, बांधाच्या मातीत खुपसू नका.

हे शेवटचं मी कळकळीने सांगतोय. ही खाचरं सतत ओली ठेवावी लागतात. पाणी आटलं की मातीला भेगा जातात, पुढच्या मोठ्या पावसात पाणी त्या भेगांतून भिंतीमागे शिरतं आणि भिंत फुगून ढासळते. गांडुळांची बिळं आणि एखादा हललेला दगडही हेच करतात. वरच्या डोंगरावरची कुटुंबांनी राखलेली झाडी पाणी धरून ठेवते, ते पाटांनी खाली येतं, आणि हे सगळं सांभाळणारी तरुण मुलं कामासाठी शहरात जातायत. पडझड वाढल्यामुळेच 2001 ते 2012 हे ठिकाण धोक्यातल्या वारशांच्या यादीत होतं. म्हणून गावातलाच अधिकृत वाटाड्या घ्या आणि त्याच्याशी पैशांची घासाघीस करू नका. कुठला बांध मऊ झालाय हे त्यालाच माहीत असतं. जुनी म्हणून विकायला येणारी बुलुलची, म्हणजे भाताच्या राखणदार देवाची, लाकडी मूर्ती घेऊ नका. नवीन कोरलेली घ्या, कारागिराला पैसे मिळतात.

तुमचे दोन दिवस चार करा: पहिल्या रात्री बस, मग बताद मुक्काम, दुसऱ्या दिवशी बांगाआन किंवा हापाव, त्या रात्री परतीची बस. त्यानंतर मनिलात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि मगच विमान. दरड कोसळून रस्ता अर्धा दिवस बंद पडणं तिथे नवलाचं नाही, आणि सकाळी बसमधून उतरून दुपारचं विमान पकडायचा बेत त्यातच फसतो.