‘थोडे दिवस तिच्याशी खेळू नकोस’

सईची आई माझ्याकडे समुपदेशनासाठी आली ती सईच्या पोटदुखीची तक्रार घेऊन. (नावं अर्थातच बदलली आहेत.) सई आठ वर्षांची, तिसरीत. महिनाभर रोज संध्याकाळी पाच वाजले की तिचं पोट दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. खाली खेळायला जा म्हटलं की रडू.

दुसऱ्या भेटीत आई उठता उठता परत बसली. म्हणाली, "मॅडम, एक सांगायचं राहिलंय."

पुण्यात त्यांच्याच इमारतीत मणिपूरचं एक कुटुंब राहतं. त्यांची थोइबी आणि सई बालवाडीपासूनच्या जिवलग मैत्रिणी. दिवाळीच्या सुट्टीत खालच्या मोठ्या मुलांनी थोइबीला ‘मोमो’, ‘चिनी’ म्हणायला सुरुवात केली. बोटांनी डोळ्यांच्या कडा ताणून दाखवायचे. मग सईलाही ‘चिनीची शेपूट’ म्हणू लागले. सई रडत घरी आली तेव्हा आईने सांगितलं, "थोडे दिवस तिच्याशी खेळू नकोस. आपोआप निवळेल."

"माझ्या मनात वाईट काही नव्हतं हो. एवढ्याशा पोरीला वंशबिंश काय कळतंय? उगाच तिच्या डोक्यात कशाला भरवायचं?"

हा प्रश्न मला कितीतरी पालक विचारतात. उत्तर सईनेच कागदावर काढून ठेवलं होतं. मी तिला इमारतीचं चित्र काढायला सांगितलं होतं. चौथ्या मजल्याच्या खिडकीत ती स्वतः, खाली झोपाळ्यावर थोइबी. थोइबीचे डोळे म्हणून तिने दोन बारीक रेघा काढल्या. थोडा वेळ बघत राहिली, मग खोडरबर घेऊन त्या खोडू लागली. इतक्या जोरात, की कागद फाटला. फाटलेल्या जागेशेजारी तिने दोन मोठे गोल डोळे काढले आणि म्हणाली, "आता तिला कुणी चिडवणार नाही."

मी ते चित्र आईसमोर ठेवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मुलांना चेहऱ्यांतले फरक लवकर दिसतात. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात नवजात बाळं सगळ्या वंशांच्या चेहऱ्यांकडे सारखंच बघत होती. तीन महिन्यांची बाळं मात्र आपल्या भोवतालच्या लोकांसारख्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत होती. यात वाईट काहीच नाही. पण दिसलेल्या फरकाचा अर्थ काय लावायचा, हे मूल घरातल्या मोठ्यांकडे बघून शिकतं. सईच्या घरी त्याबद्दल एकच वाक्य बोललं गेलं होतं, आणि ते थोइबीपासून लांब राहायचं होतं.

मी सईच्या आईला रूबी ब्रिजेसबद्दल सांगितलं. १४ नोव्हेंबर १९६०, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स. सहा वर्षांची ही कृष्णवर्णीय मुलगी गोऱ्या मुलांच्या शाळेत पहिल्यांदा गेली, तेव्हा सोबत सरकारी मार्शल होते आणि बाहेर जमाव ओरडत होता. तिला ती मार्डी ग्रासची, म्हणजे तिथल्या उत्सवाची गर्दी वाटली! बहुतेक गोऱ्या पालकांनी मुलं काढून नेली. वर्षभर वर्गात ती आणि बार्बरा हेन्री या शिक्षिका, दोघीच. हे सगळं आपल्या रंगामुळे चाललंय, हे तिला पुढे कळलं, एका लहान गोऱ्या मुलामुळे. आईने तुझ्याशी खेळू नको म्हणून सांगितलंय, असं तो म्हणाला. मोठेपणी रूबी ब्रिजेस यांनी हे अनेकदा सांगितलं आहे.

सईच्या आईचे डोळे भरून आले. तिला अपराधी वाटावं म्हणून मी हे सांगितलं नव्हतं. पण तिचा प्रश्न खरा होता, म्हणून उत्तरही खरंच द्यायला हवं होतं.

पुढचं काम मोठ्यांचं होतं. मैत्रीण वाचवायची जबाबदारी आठ वर्षांच्या मुलीवर टाकायची नाही, यावर मी ठाम होते. आईने सईला स्पष्ट सांगितलं, "मी चुकले. थोइबीची काहीच चूक नाही." चिडवलं तर एवढंच म्हणायचं, "तिचं नाव थोइबी आहे," आणि तिचा हात धरून घरी यायचं, हे दोघींनी घरी करून पाहिलं. सोसायटीच्या ग्रुपवर आईने लिहिलं तेव्हा एकाने उत्तर दिलं, "मुलंच ती, चिडवणारच." पण २०१४ साली दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाचा जीव गेला, त्याची सुरुवातही केसांवरून, दिसण्यावरून झालेल्या टिंगलीने झाली होती. मग आई त्या मुलांच्या घरी एकेक करून गेली. दोन घरी ऐकून घेतलं, तिसऱ्या घरी नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते थोइबीच्या घरची बेल वाजवणं. इतक्या वर्षांत ती कधी आत गेलीच नव्हती. ‘त्यांच्या मासळीचा वास येतो’ म्हणून. (माझं माहेर मालवणचं. आमच्याकडे सुकट भाजली की तिसऱ्या घरापर्यंत कळतं.) थोइबीच्या आईने दार अर्धंच उघडलं. माफी ऐकून घेतली आणि म्हणाली, "थोइबी रोज विचारायची, सईला बरं नाही का?" त्या दिवशी तिने आत बोलावलं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

थोइबी पुन्हा खाली खेळायला आली ती दोन आठवड्यांनी. सई झोपाळ्याशी उभी होती. काय झालं, ते मला सईनेच सांगितलं.

"तिने विचारलं, तू आजारी होतीस? मी म्हटलं, नाही, आईने नको सांगितलं होतं. मग आई सॉरी म्हणाली."

"मग?"

"मग ती म्हणाली, आधी मी बसणार झोपाळ्यावर."